उंबरठ्यापासून मैदानापर्यंत : स्त्रियांच्या चालण्या-धावण्याची कथा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाची आखणी करण्यासाठी कार्यकारिणी बसली होती. दरवर्षीचे खेळ ठरलेले असतात. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, सुईत दोरा ओवणे. त्यांत यंदा एक भर घालावी अशी सूचना मी मांडली. मैदानाला एक फेरी, धावत. ज्यांना धावणे जमणार नाही त्यांच्यासाठी तीन फेऱ्या, झपाझप चालत. सूचना मांडून होते न होते तोच हरकती सुरू झाल्या. "अहो, या वयात पळायचे कशाला?" "कोणी पडले-झडले तर जबाबदार कोण?" "रस्त्यावरून जाणारे येणारे पाहतील, हसतील." आणि शेवटी एक अगदी हळू आवाजात : "आपल्याला शोभते का ते?"

या हरकती घेणाऱ्या सगळ्या माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. तेव्हा राग येण्याचे कारण नव्हते. उलट मला स्वतःचीच एक जुनी आठवण झाली. मी आठवीत होते. शाळेच्या स्पर्धांत शंभर मीटर धावण्यात माझा पहिला नंबर आला होता. पेला घेऊन घरी आले, तेव्हा आईने तो फळीवर ठेवला आणि म्हणाली, "झाले ना मनासारखे? आता पुढल्या वर्षापासून पुरे. मोठी झालीस." त्या "मोठी झालीस"चा अर्थ मला कळला, आणि मी पुन्हा धावले नाही. आईचा त्यात दोष नव्हता. तिला तिच्या आईने तेच सांगितले होते. पण मग हे पहिल्यांदा कोणी कोणाला सांगितले, आणि पुढे ते कोणी मोडून काढले, याचा शोध घ्यावासा वाटला. वाचनालयात चार दुपारी घालवल्या. जे हाती लागले ते मैत्रिणींपुढे ठेवते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. स्त्रीने कष्ट करू नयेत, असे आपल्याकडे कोणी कधीच म्हटले नाही. पहाटे उठून जात्यावर पायलीभर दळावे, डोक्यावर दोन आणि कडेवर एक अशा घागरी घेऊन विहिरीची वाट तुडवावी, उखळात कांडावे, ताक घुसळावे, नदीवर धुणे बडवावे, शेतात दिवसभर ओणवे राहून भात लावावा, याला कोणाची हरकत नव्हती. आषाढात तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर बायका शतकानुशतके चालत आल्या आहेत आणि आजही चालतात. तेव्हा बाईच्या पायांत बळ नाही, असे म्हणण्याची सोयच नाही. हरकत होती ती वेगळ्याच गोष्टीला. दुसऱ्यासाठी केलेले श्रम चालत होते. स्वतःच्या शरीरासाठी, स्वतःच्या आनंदासाठी केलेली हालचाल चालत नव्हती.

तीही आपल्या आज्या-पणज्यांनी युक्तीने मिळवली होती, हे विसरून चालणार नाही. श्रावणातली मंगळागौर आठवा. फुगडी, झिम्मा, बसफुगडी, पिंगा. रात्र जागवून हे खेळ खेळायचे म्हणजे सोपे काम नव्हे. बसफुगडी सलग दोन मिनिटे घालून पाहा, म्हणजे मांड्यांना काय व्यायाम होतो ते समजेल. नागपंचमीचे झोके, हादग्याचा फेर, ही सगळी देवाधर्माच्या आडोशाने मिळवलेली बायकांची व्यायामशाळाच होती. पण ती वर्षातून मोजक्या दिवसांची, आणि चार भिंतींच्या आतली.

मैदानावरच्या धावण्याची कथा निराळी आहे, आणि तिची सुरुवात फार दूर, ग्रीस देशात होते. ऑलिम्पिया येथे पुरुषांचे सामने होत, तेव्हा विवाहित स्त्रियांना ते नुसते पाहण्याचीही मनाई असे. परंतु त्याच जागी हेरा देवीच्या उत्सवात कुमारिकांच्या धावण्याच्या शर्यती होत, असे पॉसेनियस या प्राचीन प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. मुलींसाठी धावपट्टी पुरुषांच्या मानाने एक षष्ठांश कमी करीत. म्हणजे धावू दिले, पण थोडे कमी! ही "थोडे कमी"ची रीत पुढे दोन हजार वर्षे टिकली, असे म्हटले तरी चालेल.

आधुनिक ऑलिम्पिक 1896 साली अथेन्सला सुरू झाले, त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुढे टेनिससारख्या काही खेळांत तो मिळाला, पण धावण्याच्या मैदानाचे दार बंदच होते. तेव्हा अ‍ॅलिस मिलिया नावाच्या एका फ्रेंच बाईने विनवण्या करीत बसण्याऐवजी 1921 साली स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघ काढला आणि 1922 साली पॅरिसला स्त्रियांचे स्वतंत्र सामने भरवले. लोक पाहायला आले, विक्रम झाले, आणि मग मोठ्या मंडळींना जाग आली. अखेर 1928 साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्त्रियांसाठी मैदानी खेळांचे पाच प्रकार ठेवण्यात आले. त्यांतली सर्वांत लांब शर्यत होती 800 मीटरची.

या शर्यतीची हकीकत प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राड्के 2 मिनिटे 16.8 सेकंदांत पहिली आली. हा जागतिक विक्रम होता. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नवाच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. शेवटची रेषा ओलांडल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. जीव तोडून धावलेला कोणताही पुरुष असाच आडवा होतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय आले? धावणाऱ्या अकरा होत्या, पाच जणींनी वाटेतच शर्यत सोडली आणि पाच जणी शेवटी कोसळल्या, असेही एका वार्ताहराने लिहिले. नवाच्या अकरा झाल्या, पुरी झालेली शर्यत अर्धवट झाली. स्त्रीचे शरीर याला बनलेले नाही, धावण्याने अकाली म्हातारपण येईल, अशी विद्वान मंडळींची मते छापून आली. परिणाम असा झाला की ऑलिम्पिकमधून स्त्रियांची 800 मीटरची शर्यतच काढून टाकण्यात आली. ती परत आली 1960 साली, रोमला. म्हणजे पूर्ण बत्तीस वर्षांनी. एका खोट्या बातमीपायी बत्तीस वर्षे! त्या काळात वयात आलेल्या मुलींना आपल्या पायांत काय आहे हे कधी कळलेच नाही.

आमच्या बैठकीतले "कोणी पडले-झडले तर?" हे वाक्य मला इथे आठवले. अ‍ॅम्स्टरडॅमलाही नेमके तेच म्हटले गेले होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. धावण्याच्या खेळात हिंदुस्थानचे पाऊल पडले ते पुण्याच्या मातीतून, हे अनेकींना ठाऊक नसेल. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर 1919 साली भरलेल्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. तिथे त्यांनी शेतकरी घरांतले तरुण अनवाणी धावताना पाहिले, आणि ही मुले ऑलिम्पिकला का जाऊ नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्या पुढाकाराने आणि पदरच्या मदतीने 1920 साली अँटवर्पला पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉनची शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला.

याच सुमारास आपल्याकडे व्यायामाच्या चळवळीने जोर धरला होता. अमरावतीला 1914 साली सुरू झालेल्या हनुमान आखाड्यातून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिनला आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पुण्यात 1924 साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्काराला आपले जीवितकार्यच मानले. स्वतः नित्यनेमाने नमस्कार घातले, संस्थानातल्या शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही घालावयास लावले, आणि त्यांच्या या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनहून प्रसिद्ध झाले. नमस्काराचे वैशिष्ट्य असे की त्याला आखाडा नको, साधने नकोत. घरातली एक सतरंजीभर जागा पुरते. म्हणूनच तो आखाड्यात न जाऊ शकणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचला.

स्त्रियांच्या जीवनाशी निगडित अशा आणखी एका थोर पुरुषाची आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही. महर्षी अण्णासाहेब कर्वे. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल डोंगर तुडवीत साताऱ्याला पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो परत आला, पण चालणे काही सुटले नाही. पुढे हिंगण्याला आश्रम झाला, तेव्हा दिवसभर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून अण्णा संध्याकाळी पायी हिंगण्याला जात आणि पहाटे परतत. वाट चिखलाची आणि पावसापाण्याची होती. 1858 साली जन्मलेले अण्णा 1962 साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात वारले. नुसत्या चालण्याने माणूस शतायुषी होतो असे मी म्हणणार नाही. परंतु त्या चालत्या पायांनी आपल्या शिक्षणाची वाट घातली, एवढे खरे.

स्त्रिया मात्र मैदानात आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. 1951 साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. त्यात रोशन मिस्त्रीने 100 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा 200 मीटरमध्ये तिसरी आली. पुढल्याच वर्षी, 1952 साली, हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष या दोघी धावल्या. ऑलिम्पिकमध्ये धावणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. अँटवर्पला पुरुषांचे पथक गेल्यापासून बायकांचे पाऊल ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर पडेपर्यंत किती वर्षे गेली ते मोजले, तर पुन्हा बत्तीसच!

लांबच्या अंतराचे दार तर याहून उशिरा उघडले. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मोठी मॅरेथॉन होते. तिचे अंतर 42.195 किलोमीटर. 1966 साली बॉबी गिब या तरुणीने प्रवेश मागितला, तेव्हा स्त्रियांना शरीराने हे झेपणार नाही, असे उत्तर आले. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपांत लपून बसली, शर्यत सुटल्यावर गर्दीत मिसळली आणि 3 तास 21 मिनिटांत धावून मोकळी झाली. दुसऱ्या वर्षी कॅथरीन स्वित्झर हिने नुसती आद्याक्षरे लिहून नाव नोंदवले आणि तिला 261 हा क्रमांक मिळाला. वाटेत एका अधिकाऱ्याच्या ध्यानात आले की ही तर मुलगी आहे. तो धावत येऊन तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडू लागला. त्याला बाजूला सारण्यात आले, आणि तिने शर्यत पुरी केली. बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो 1972 साली. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन 1984 साली लॉस एंजलिसला प्रथम झाली आणि अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती जिंकली. त्याच सामन्यांत आपल्या पी. टी. उषाचे 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तो दिवस आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल.

आणि आता आपल्या लेकी पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत 10,000 मीटरमध्ये तिने कांस्य मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्य. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. बारामतीच्या लता करे यांचे नाव तर घरोघरी पोचले आहे. पतीच्या उपचाराला पैसा हवा म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी, गावच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर निघालेल्या 2020 सालच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांना धावायला कोणी शिकवले होते? कोणीही नाही. जन्मभर मोलमजुरी केलेले ते पाय होते. बळ आधीपासूनच होते. धावण्याला निमित्त तेवढे हवे होते.

यावर एखादी म्हणेल, "बाई, त्या पदके मिळवणाऱ्या. आम्हाला काय त्याचे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला पदक नको, प्रकृती हवी. तर त्याचाही इतिहास आहे.

व्यायामाने प्रकृती सुधारते असे वाडवडील सांगत आले, पण त्याचा पुरावा हाती आला तो लंडनच्या बसगाड्यांत! जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची प्रकृती ताडून पाहिली. दोघेही एकाच थरातले, एकाच गाडीवरचे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करीत, रोज पाचशेहून अधिक पायऱ्या. 1953 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की हृदयविकार चालकांपेक्षा कंडक्टरांना कमी होतो, आणि झालाच तर सौम्य होतो. व्यायामशाळेत न जाता, केवळ रोजच्या कामातल्या चढ-उताराने हे साधले होते.

इथेच आपल्या पिढीची गोम आहे. आपल्या आज्या कंडक्टर होत्या, आपण चालक झालो. जात्याच्या जागी गिरणी आली, विहिरीच्या जागी नळ, पाट्याच्या जागी मिक्सर, जिन्याच्या जागी लिफ्ट. हे सारे चांगलेच झाले. त्या कष्टांत बायकांच्या पाठी मोडल्या आहेत, ते परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु कष्टांबरोबर हालचालही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच आणले नाही. मला रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चाला." मी म्हटले, "दिवसभर घरात चालतेच की!" ते हसून म्हणाले, "ओट्यापासून टेबलापर्यंत? त्याने पाय दमतात, पण छाती भरत नाही." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घरकामाने शीण येतो. दम लागेल इतके सलग चालणे त्यात घडत नाही.

मग किती चालावे? रोज दहा हजार पावले हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. गंमत अशी की हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकनंतर 1965 साली एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीला आणले आणि त्याचे नावच "दहा हजार पावलांचे मापक" ठेवले. तिथून तो आकडा जगभर पसरला. पुढे अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली. त्यांचे सरासरी वय 72 होते. 2019 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक फायदा दिसला नाही. तेव्हा दहा हजार होत नाहीत म्हणून घरी बसण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले तेही असेच आवाक्यातले आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग असावा, ही साधी खूण. गुडघे, हृदय किंवा रक्तदाब यांची तक्रार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि सुरुवात दहा मिनिटांपासून करावी.

सांगायला सोपे, पण तो अर्धा तास आणायचा कोठून? खरी अडचण इथे आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपला सकाळचा चालण्याचा गट चार वर्षे झाली तरी चौदा जणींच्या पुढे का गेला नाही? पायांत बळ नाही म्हणून नव्हे. सकाळी सहा ते आठ या वेळात घरातल्या प्रत्येकाला आपण हव्या असतो. चहा, डबा, शाळेची गाडी, सासऱ्यांची औषधे. बोस्टनला क्रमांक ओरबाडायला एक माणूस धावून आला होता. आपल्या घरी तसा कोणी येत नाही. आपला अर्धा तास कोणाच्या नजरेसही न येता, प्रेमाने, एका हाकेने काढून घेतला जातो, आणि आपणही तो निमूटपणे देतो. तेव्हा ही विनंती केवळ मैत्रिणींना नाही, ही स्मरणिका ज्या शेजारी-पाजारी घरांत जाईल तेथील सर्वांना आहे. सकाळचा एक चहा दुसऱ्या कोणी करावा. एक डबा दुसऱ्या कोणी भरावा. बत्तीस वर्षे थांबायला आता आपल्याकडे तेवढा अवधी नाही.

सूचनेचे पुढे काय झाले ते सांगते. तासभर चर्चा झाली आणि ती मंजूर झाली. "शोभते का?" म्हणून विचारणाऱ्या मैत्रिणीने चालण्याच्या फेऱ्यांत नाव दिले आहे. मी धावणाऱ्यांच्या यादीत आहे. वर्धापनदिनी सकाळी साडेसहाला मैदानावर यावे. साडी असो, पंजाबी ड्रेस असो, पायांत मात्र बुटाची जोडी असावी. कोणी दमून गवतावर बसली, तर तिला पाणी द्यावे आणि तिच्याशेजारी बसावे. ती हरली असे कोणी म्हणू नये, आणि लिहू तर मुळीच नये.